मावशीची परीक्षा

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण इकडे मावशीची परीक्षा जवळ आली आहे. आता तू विचारशील, 'कोण मावशी?' म्हणून आधीच सांगून टाकतो.

आमच्या संस्थेत नऊ चिंपांझी आहेत. त्यांतली सगळ्यांत थोरली ती मावशी. कागदोपत्री ती 'सात नंबर'. पण तिच्या हनुवटीवर पांढरे केस आहेत, आणि मला यायला दहा मिनिटं उशीर झाला की ती अशी काही बघते, की तिला सात नंबर म्हणायची छाती होत नाही.

परीक्षा अशी असते. जनावराला 'मी' म्हणजे कोण हे कळतं का, ते आमचे साहेब शोधत आहेत. आधी गुंगीचं औषध देतात. झोपेत कपाळावर पांढऱ्या रंगाचा ठिपका लावतात. त्याला वास नसतो आणि तो लागलेला कळतही नाही. दुपारी गुंगी उतरली की समोर मोठा आरसा आणतात. आरशात बघून जनावराने स्वतःच्या कपाळाला हात लावला, तर त्याला 'हे माझंच तोंड' एवढं समजतं असं धरायचं. नाही लावला तर नापास. प्रत्येकाला तीन वेळा संधी.

आठ जण पास झाले. मावशी दोनदा नापास झाली आहे. तिसरी पाळी पंचवीस तारखेला.

तिसऱ्यांदा नापास झाली तर तिला एका औषधाच्या कंपनीकडे पाठवायचं ठरलं आहे. तिथे नवी औषधं आधी अशांवर करून बघतात. पास झालेल्यांना पाठवत नाहीत, कारण ज्याला 'मी' आहे त्याला दुखतं, असं समितीचं मत पडलं. ज्याला 'मी' नाही त्याला दुखतच नाही, की दुखलं तरी ते नेमकं कुणाला दुखलं हे सांगता येत नाही, ते मला नीट समजलं नाही. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही बादली भरा."

माझं काम नेहमीचंच. सकाळी सातला बादली नि फडकं घेऊन जायचं, पुसपास करायची, खायला घालायचं, तक्ता भरायचा.

तू आठ दिवस ये म्हणतेस. बाबांना माझ्यावर सोपवून तुला डोळ्याचं ऑपरेशन उरकायचं आहे, हे मी विसरलेलो नाही. पंचवीसनंतर नक्की येतो.

तुझा,
धाकटा


१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आपल्याला सख्खी मावशी नव्हती, ती हौस तू अशी फेडलीस म्हणायची. छान. आता वर्षभरात एखादा मामाही सापडेल. माकडिणीच्या परीक्षेसाठी भाऊ सुट्टी घेत नाही, हे मी कुठल्या तोंडाने शेजारी सांगू? मी सांगितलं, भाऊ मोठ्या संशोधनात आहे. देव मला क्षमा करो.

फोन का करत नाहीस म्हणून विचारणार नाही. फोनवर तू 'हं' आणि 'बरं' यापलीकडे जात नाहीस. पत्रात निदान दोन पानं मिळतात, मग ती माकडांची का असेनात.

बाबा ठीक आहेत. खाणं बरं, झोप बेताची. दिवसभर दुकानातच माझ्या मशीनशेजारी बसून असतात. तुला आठवत असेल, दुकानात दाराशेजारी उभा आरसा आहे, गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला. परवा बाबा त्या आरशाकडे बघून मला दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, त्या गिऱ्हाइकाचं आधी बघ. बराच वेळ उभा आहे."

मी म्हटलं, "कोण गिऱ्हाईक?"

"तो काय. म्हातारा माणूस आहे. त्याला तिष्ठत ठेवू नये."

मी आरशासमोर गेले आणि म्हटलं, "आजोबा, तुमची पँट उद्या मिळेल." बाबांचं समाधान झालं. तेव्हापासून रोज हेच. कालपासून त्या गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायला सांगतात. तुमच्या साहेबांच्या परीक्षेला बाबा बसले, तर कुठल्या कंपनीकडे पाठवतील रे त्यांना?

तुझं पत्र वाचून दाखवलं. विचारलं, "बाबा, जनावराला मन असतं का हो?" बाकी सगळं विसरले आहेत, हे मात्र पाठ आहे. म्हणाले, "जनावराला पोट असतं, मन नसतं. मन असतं तर गाडी ओढली असती का?"

आणि आपली टांग्याची घोडी गेली तेव्हा? तू लहान होतास. तीन दिवस अन्नाला शिवले नव्हते. कुणी विचारलं की म्हणायचे, "पोट बिघडलंय." आईने तीन दिवस कडू काढा दिला. बिचाऱ्यांनी तोंड वेडंवाकडं न करता प्याला. खरं सांगण्यापेक्षा काढा बरा.

माझ्या उजव्या डोळ्याने आता सुईत दोरा दिसत नाही. पंचवीसनंतर म्हणजे सव्वीसला, की पुढच्या वर्षी?

तुझी,
ताई


१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझे टोमणे पोचले. सगळे जागेवर बसले.

मावशीची शिकवणी घेऊन पाहिली. ही लबाडी आहे, मला कळतं. तिच्यासमोर गजांच्या अलीकडे बसलो आणि माझ्या कपाळाला हात लावून दाखवला. तिने नीट पाहिलं. मग गजांतून हात काढून माझ्याच कपाळाला लावला. दहा वेळा मी माझं कपाळ दाखवलं, दहा वेळा तिने माझंच चाचपलं. अकराव्या वेळी मला ताप आहे का बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या वाटचं केळं माझ्या हातात दिलं. शिकवणी तिथेच संपली.

देवाकडेही मागून पाहिलं. सकाळी हात जोडतो तेव्हा हल्ली तिचं नाव घेतो. पण मागायचं काय? 'तिला पास कर' म्हणायला जीभ अडखळते. त्याने तिला घडवली, ती कोण आहे ते त्याला ठाऊक असणारच. त्याला आरसा लागत नसावा.

मागच्या परीक्षेचं सांगायचं राहिलं. परीक्षेच्या वेळी खोलीत परिचर लागतो, जनावर बिथरलं तर सांभाळायला. पण त्याने गजांना पाठ करून स्टुलावर बसायचं, चेहऱ्यावरून खूण जायला नको म्हणून. साहेब काचेमागून बघतात. तर मी पाठ करून बसलो होतो. आरसा सरकवल्याचा आवाज आला. थोडा वेळ काहीच नाही. मग तिच्या पावलांचा आवाज माझ्याकडे आला. ती गजांशी, अगदी माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता. बराच वेळ उभी होती. मी वळलो नाही. नियमच तसा आहे.

साहेबांनी लिहिलं : 'आरशात अकरा सेकंद पाहिले. कपाळास स्पर्श नाही. नंतर परिचराजवळ जाऊन डोके खाली घातले. बहुधा खाण्यासाठी.' पहिल्या वेळीही असंच झालं होतं.

मला वाटतं ती घाबरली असावी, किंवा शरमली. पण 'शरमली' असं तक्त्यात लिहिता येत नाही. मागे शेजारच्या पिंजऱ्यातला म्हातारा गेला, तेव्हा मी तिच्या रकान्यात 'आज उदास' लिहिलं होतं. साहेबांनी लाल शाईने खोडलं. वर लिहिलं, 'उदास हे निरीक्षण नव्हे, आपले मत आहे. हालचाल कमी, खाणे निम्मे, असे लिहावे.' तेव्हापासून मी तसंच लिहितो. माझी स्वतःची हालचालही सध्या कमी आहे.

तुझा,
धाकटा


२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हे पत्र पोचेपर्यंत तुझ्या मावशीचा निकाल लागलेला असेल. मी तिच्या बाजूने आहे, हे तिला सांग. केळं देणारी बाई वाईट नसते.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. बाबा ठीक आहेत असं लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. महिना झाला, ते मला ओळखत नाहीत. 'बाई' म्हणतात. मागच्या पत्रातलं 'अगं' माझ्या पदरचं. शेजारणीला सांगत होते, "ही शिंपीणबाई मोठी चांगली आहे हो, मला बसू देते." मी तुरपाई करत होते. टाका चुकला नाही. वर बघितलं मात्र नाही.

तुला लिहिलं असतं तर तू धावत आला असतास, किंवा आला नसतास. दोन्हींची मला भीती वाटली.

आता आजची गंमत. सकाळी बाबांनी दाढी केली. ती त्यांची ते करतात, हात विसरलेले नाहीत. पण कानाखाली साबण राहिला. तसेच दुकानात आले, आरशापुढे थबकले आणि मला म्हणाले, "बाई, त्या गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लागलाय. पुसा बघू." मला हसू आलं. म्हटलं, "त्यांना म्हणावं तुम्हीच पुसा, हात आहेत ना?" तर हे माझ्यासमोर आले, डोळे मिटले आणि स्वतःचा गाल पुढे केला!

गिऱ्हाईक तिकडे आरशात, साबण त्याच्या गालाला, आणि पुसायला गाल यांचा. मी ओल्या फडक्याने पुसला. मग परत आरशाकडे गेले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हं. आता कसा माणसात आला."

स्वतःला हात असून पुसायला दुसऱ्याकडे यायचं, ही खोड आईने लावली त्यांना. आठवतं? रोज सकाळी ओलं फडकं घेऊन तिची फेरी असायची. आधी आपली दोघांची तोंडं, मग बाबांचं, मग अंगणात जाऊन घोडीचं. बाबा कुरकुरायचे, "मी काय लहान आहे?" आणि कुरकुरतच हनुवटी पुढे करायचे. घोडी तर दाराशी मान घालून वाटच बघायची.

आता शिंपीणबाईला मशीनवर बसलं पाहिजे. कधी येतोस?

तुझी,
ताई


२५ फेब्रुवारी

ती. ताईस,

नापास. बारा सेकंद आरशात पाहिलं, मग माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. मी वळलो नाही.

पंधरा मार्चला गाडी येणार आहे. त्यानंतर मी मोकळा आहे. मग येतो.

धाकटा


२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं चोवीसचं पत्र आज दुपारी मिळालं. भांडारघराच्या पायरीवर बसून वाचलं. बाबांनी गाल पुढे केला तिथपर्यंत आलो आणि पुढचं दिसेनासं झालं.

ताई, तुझ्यापासून मीही एक गोष्ट लपवली. तुझ्यापासून कशाला, सगळ्यांपासूनच. सकाळी सातला फडकं घेऊन जातो असं मी लिहिलं होतं ना? ते फडकं फक्त पिंजरे पुसायला नसतं. अकरा वर्षं झाली, मी रोज सकाळी मावशीचं तोंड पुसतो. ती आली तेव्हा तिला डोळे येण्याचा आजार होता. जनावरांच्या डॉक्टरांनी आठ दिवस डोळे पुसायला सांगितले. आठ दिवस संपले, पण नवव्या दिवशी ती सातच्या ठोक्याला गजांशी येऊन कपाळ टेकवून उभी. मला आई आठवली. पुसलं. त्यानंतर सोडवेना.

प्रयोगातल्या जनावराला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे सक्त नियम आहे. हात लावणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. म्हणून कधी बोललो नाही. आणि खरं सांगू? त्या पुसण्याचा परीक्षेशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. बाकीच्या आठांचं तोंड कुणी पुसत नाही. त्यांना ठिपका दिसला, त्यांनी आपल्या हाताने चोळला आणि पास झाले.

मावशीला दिसला नव्हता असं नाही. तिला दिसला. बारा सेकंदांत तिला सगळं कळलं : तोंड आपलं आहे, त्याला काहीतरी लागलं आहे, आणि आपलं तोंड पुसणारा माणूस तिथे स्टुलावर बसला आहे. ती आली आणि कपाळ पुढे केलं. तीन वेळा. तिन्ही वेळा मी पाठ करून बसलो होतो.

नापास कोण झालं, ते मला आता लिहायला नको.

उद्या साहेबांकडे जातो. सांगितलं तर नोकरी जाईल. संस्थेची खोलीही जाईल. पन्नाशीच्या तोंडावर नवी नोकरी कोण देणार, आणि येतं काय मला? पण नाही सांगितलं तर ती गाडीत बसताना माझ्याकडेच बघेल.

तुझा,
धाकटा


४ मार्च

चि. धाकट्यास,

तुझं पत्र रात्रीत तीनदा वाचलं, एका डोळ्याने. हे उत्तर पोचेपर्यंत तू सांगून मोकळा झालेला असशील, तरी लिहिते.

नोकरी गेली तर इथे ये. दुकानात काज-बटणं करायला माणूस हवाच आहे. पगार नाही, टोमणे पोटभर.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "त्या माणसाला अकरा वर्षं पुसता येतं, आणि एकदा मागे वळता येत नाही?" मी म्हटलं, "बाबा, तो तुमचा मुलगा." तर म्हणाले, "असेल. माझाच असेल."

तुझी,
ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

मावशी पास. मी नापास. शनिवारी सामान घेऊन येतो.

थोडं विस्ताराने लिहितो, कारण घरी आल्यावर तू बोलू देणार नाहीस.

साहेबांसमोर उभा राहून सगळं सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "अकरा वर्षं? रोज?"

मी म्हटलं, "सुट्टीचे दिवस सोडून."

"म्हणजे तुम्ही अकरा वर्षं माझे आकडे बिघडवत होता."

"तोंड पुसत होतो, साहेब."

ते चिडले. पण माणूस हाडाचा अभ्यासक आहे, चिडल्यावरही त्यांना स्वस्थ बसवेना. म्हणाले, फडकं बघून खाण्याच्या आशेने येत असेल, सिद्ध कसं करणार? मग आम्ही असं केलं. मंगळवारी गुंगी दिली, पण ठिपका लावला नाही. मी या वेळी तोंड तिच्याकडे करून बसलो, मांडीवर फडकं. ती आरशापुढे गेली, दात विचकून बघितले, दातात अडकलेलं साल नखाने काढलं आणि जाऊन बसली. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गुरुवारी ठिपका लावला. ती आरशापुढे थांबली, सरळ माझ्याकडे आली, डोळे मिटले आणि गजांना कपाळ टेकवलं. मी पुसलं. ताई, मग ती परत आरशाकडे गेली. मान वाकडी करून कपाळ बघितलं. तुझं गिऱ्हाईक कपडा घेऊन जाण्याआधी एकदा पाठमोरं होऊन बघतं ना, अगदी तसं. खात्री झाल्यावरच खाली बसली.

साहेब काचेमागून बाहेर आले. चष्मा हातात होता. "हे छापलं पाहिजे," एवढंच म्हणाले.

तिची गाडी रद्द झाली. माझ्याबद्दल समितीने दहा मिनिटांत ठरवलं. साहेबांच्या निबंधात माझा उल्लेख येणार आहे : 'एका परिचराच्या नियमभंगामुळे.' नाव नसेल. त्याचं काही नाही, सात नंबरचंही नसतं.

निघताना तिला भेटू दिलं नाही. नियम.

तुझा,
धाकटा


२ एप्रिल

माजी परिचर यांस,
(मार्फत त्यांच्या भगिनी)

आपण गेल्यापासून क्रमांक सातबाबत काही अडचणी उद्भवल्या आहेत. हालचाल कमी. खाणे निम्मे, गेल्या आठवड्यापासून त्याहून कमी. पोटाची संपूर्ण तपासणी दोनदा केली, दोष आढळला नाही. नवीन परिचर नियमाप्रमाणे स्पर्श करीत नाही. प्राणी रोज सकाळी सात वाजता गजांशी येऊन कपाळ टेकवून उभा राहतो. साधारण साडेनऊपर्यंत. नंतर भिंतीकडे तोंड करून बसतो. याचा अर्थ काय लावावा याबद्दल आमच्यात एकमत नाही.

आपल्याला नोकरीवर परत घेता येत नाही, असे समितीने कळवले आहे. तथापि प्रयोगाचे आवश्यक साहित्य म्हणून आपल्याला मागवता येईल, असा मार्ग मी काढला आहे. साहित्याची यादी मंजूर झाली आहे : आरसा एक, रंग एक डबी, फडकी दोन, माणूस एक.

लवकर यावे. हे वाक्य कार्यालयीन नाही.

आपला,
विभागप्रमुख


६ एप्रिल

मा. साहेबांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र काल मिळालं. बहिणीने वाचलं आणि म्हणाली, "चला, आमचा धाकटा एकदाचा फडक्यानंतर का होईना, यादीत आला."

पोटाची तपासणी आता पुन्हा करू नका. आमच्या वडिलांची घोडी गेली तेव्हा त्यांचंही असंच पोट बिघडलं होतं. तीन दिवस काढा देऊन उपयोग झाला नाही. आमच्या घरात या दुखण्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, फक्त तो कुणी बोलून दाखवत नाही. आपलंही काहीसं तसंच होत असावं.

मी सोमवारी येतो. दोन गोष्टी मागायच्या आहेत.

पहिली. साहित्याला राहायला खोली लागेल, आणि साहित्याला वडील आहेत. बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्याने नेमकी त्याच आठवड्यातली तारीख दिली आहे, त्यामुळे आठ दिवस ते माझ्याबरोबर असतील. त्यांचा त्रास नाही. आरशापुढे बसवलं की ते गिऱ्हाइकाशी बोलत बसतात.

दुसरी. तक्त्यात तिच्या रकान्यात 'उदास' असं लिहावं. आपण लिहावं, मी नव्हे. मी लिहिलं तर ते माझं मत होईल.

आपला,
माणूस एक


१४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

डोळ्यावरची पट्टी निघाल्याशिवाय हे वाचू नकोस. शेजारणीकडूनही वाचून घेऊ नकोस. तिला तू अजून मोठ्या संशोधनाच्या गोष्टी सांगतेस.

मावशी खायला लागली. पहिल्या दिवशी तिने मला बघून न बघितल्यासारखं केलं. पाठ करून बसली. तीही बहुधा नियमानेच. मी फडकं भिजवून गजांशी उभा राहिलो. किती वेळ, ते घड्याळात बघितलं नाही. तिच्या अडीच तासांपुढे ते काहीच नव्हतं. मग आली.

तक्ता पाहिला. तिच्या रकान्यात एकवीस मार्चपासून रोज 'उदास' लिहिलं आहे, साहेबांच्या अक्षरात. पेन्सिलीने. खोडता यावं म्हणून असेल. पण खोडलेलं नाही.

बाबांनी इथेही गिऱ्हाईक शोधलं. हात धुवायच्या जागी आरसा आहे, तिथे. त्याला म्हणाले, "तू इथेही आलास का? बरं झालं, ओळखीचं कुणीतरी भेटलं."

काल सकाळी त्यांना मावशीकडे नेलं. साहेबांनी परवानगी दिली. तोंडाला मास्क, आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडे खुर्ची. बाबा तिच्याकडे बघत बसले आणि ती त्यांच्याकडे. बऱ्याच वेळाने बाबांनी विचारलं, "हिचं पोट बिघडलं होतं का रे?"

मी म्हटलं, "हो. तुम्हाला कसं कळलं?"

तिच्यावरची नजर न काढता म्हणाले, "कोण सोडून गेलं होतं?"

"मी."

"मग आलास ते बरं केलंस," म्हणाले. मला ओळखून म्हणाले की नाही, सांगता येत नाही. तो रकाना मी रिकामा ठेवला आहे.

मी फडकं पिळलं. मावशीने डोळे मिटून गजांना कपाळ टेकवलं. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उठून पिवळ्या पट्टीपर्यंत आले होते. मास्क खाली ओढला होता, डोळे मिटले होते आणि हनुवटी पुढे केली होती.

फडकी दोन होती. माणूस एकच. आईचा क्रम आठवला : आधी मुलं, मग बाबा, मग घोडी. म्हणून मी त्यांच्याकडे वळलो आणि हात पुढे केला.

त्यांनी एक डोळा उघडला आणि हनुवटी मागे घेतली.

"आधी तिचं बघ," म्हणाले. "ती बराच वेळ उभी आहे."

तुझा,
धाकटा